उजेडाचा हिशेब : जालना परिसरातील कॅमेरा, एक्स्पोजर आणि दुरुस्तीची विद्या

छायाचित्र नीट उमटण्यासाठी फिल्मवर पडणाऱ्या उजेडाचे प्रमाण बरोबर असावे लागते. या प्रमाणाला आणि ते साधण्याच्या क्रियेला छायाचित्रणाच्या व्यवसायात एक्स्पोजर म्हणतात. उजेड कमी पडला तर निगेटिव्ह पातळ येते आणि तिच्यावरून काढलेला फोटो काळवंडतो. जास्त पडला तर निगेटिव्ह दाट होते आणि फोटोतील पांढरे कपडे, कपाळ, गाल यांवरचा सारा तपशील पुसला जातो. हे प्रमाण दोन गोष्टींनी राखले जाते. भिंगातील पात्यांनी लहानमोठे होणारे छिद्र, म्हणजे अपर्चर, किती उजेड आत घ्यायचा ते सांभाळते आणि शटर तो किती वेळ आत येऊ द्यायचा ते सांभाळते. म्हणजे कोणत्याही फोटोमागे तीन वेगवेगळी कामे असतात : उजेड मोजणे, त्यावरून अपर्चर व शटरची जोडी ठरवणे आणि ठरवलेले प्रत्यक्षात आणणे. दीडशे वर्षांच्या काळात ही तीन कामे एकामागून एक माणसाच्या हातून यंत्राकडे गेली, आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या एक्स्पोजर मोडमध्ये जे बिघाड आढळतात ते बहुधा याच तीन कामांच्या सांध्यांवर होतात. म्हणून अशा बिघाडांचे निदान समजून घ्यायचे तर कोणते काम केव्हा आणि कसे यंत्राकडे गेले, हा इतिहास आधी पाहावा लागतो.

जालना जिल्हा हा इतिहास पाहण्यासाठी सोयीचा प्रदेश आहे. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून हा जिल्हा झाला. त्याआधी हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. कुंडलिकेच्या काठी वसलेले जालना हे व्यापाराचे गाव, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याच्या बाजारपेठेच्या भरभराटीवरूनच रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात येथे मद्रास सैन्याच्या पलटणींची छावणी होती, आणि त्या शतकाच्या अखेरीस मनमाड ते सिकंदराबाद हा रेल्वेमार्ग येथून गेल्यावर एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला हैदराबाद अशी दोन्ही मोठी शहरे व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या टप्प्यात आली. जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याचा डोंगर आहे. पश्चिम भारतातील आरंभीच्या छायाचित्रणाचा एक महत्त्वाचा अध्याय त्याच डोंगरात घडला.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. पुढे १८४४ मध्ये त्याच सैन्यातील रॉबर्ट गिल याची तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. पण दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह त्याची ७४ छायाचित्रे भारतातील शैलमंदिरांवरच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. गिल १८७९ मध्ये मरण पावला आणि त्याची कबर भुसावळला आहे.

गिलच्या काळातील पद्धत ओल्या काचेची होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ती जाहीर केली होती. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, भिंगावरचे झाकण काढून मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचे आणि काच वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुवायची, असा तो क्रम होता. दख्खनच्या उन्हाळ्यात काच फार लवकर वाळते, त्यामुळे मोजणे, ठरवणे आणि अमलात आणणे ही तिन्ही कामे एकच माणूस घाईत, डोळ्याच्या आणि सवयीच्या जोरावर करी. त्यातही एक खोल अडचण होती. कलोडियनच्या काचेला निळा व जांभळा प्रकाश तेवढा दिसतो. पिवळा फार थोडा आणि तांबडा जवळजवळ नाहीच. अजिंठ्याच्या चित्रांत तर गेरू आणि पिवळी माती यांचेच राज्य आहे. डोळ्याला जी भिंत उजळ आणि उबदार दिसे ती काचेवर काळपट उमटे. माणसाच्या डोळ्याने मोजलेला उजेड आणि फिल्मला भावणारा उजेड एकच नसतो, हा धडा छायाचित्रणाने इतक्या लवकर घेतला. पुढे विजेवर चालणारी मीटरे आली तेव्हा हीच विसंगती नव्या रूपात परत आली.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील अग्रगण्य भारतीय छायाचित्रकारांपैकी होते. संस्थानी मुलखात मात्र या कलेचे केंद्र हैदराबाद राहिले, आणि तेथील निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळात ओल्या काचेची जागा तयार मिळणाऱ्या कोरड्या काचेने घेतली. कोरड्या काचेने छायाचित्रकाराची घाई संपवली, आणि ती पुष्कळ अधिक संवेदनशील असल्यामुळे एक्स्पोजरचा काळ सेकंदांवरून सेकंदाच्या अंशांवर आला. झाकण काढून पुन्हा लावण्याइतका अवकाश हाताला उरला नाही, म्हणून तिसरे काम, म्हणजे ठरवलेला वेळ अमलात आणणे, स्प्रिंगवर चालणाऱ्या शटरकडे गेले. यंत्राकडे गेलेले हे पहिले काम.

मोजण्याचे काम मात्र पुढची कित्येक दशके डोळ्याकडेच राहिले. स्टुडिओ बांधताना उत्तरेकडे काच ठेवावी, म्हणजे दिवसभर सावलीचा सारखा उजेड मिळतो आणि एक्स्पोजर वारंवार बदलावे लागत नाही, असा नियम युरोपातील पुस्तकांतून आला होता. तो जालन्याला पुरता लागू पडत नाही. हे शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १९.८ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत, सुमारे दोन महिने, माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या काचेतूनही थेट ऊन आत येऊ शकते. नेमका मे महिना हा लग्नसराईचा. तेव्हा काचेवर पांढऱ्या कापडाचे पडदे सरकवून उजेड मऊ करणे आणि पडद्याच्या प्रत्येक स्थितीला किती वेळ द्यायचा हे ध्यानात ठेवणे, हा अशा स्टुडिओच्या कामाचाच भाग ठरतो. दिव्यांच्या स्टुडिओत ही अडचण राहिली नाही, कारण दिवा आणि खुर्ची यांतील अंतर ठरलेले असले की एक्स्पोजरही ठरून जाते. ग्राहकाच्या उभे राहण्याच्या जागेवर जमिनीवर खूण केलेली असे, ती याचसाठी.

घरोघरी कॅमेरा पोचला तो डब्याच्या रूपात. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आगफा क्लिक थ्री हा भारतीय मध्यमवर्गाचा पहिला कॅमेरा म्हणावा लागेल. १२० आकाराच्या एका रोलवर त्यात बारा चौकोनी फोटो येत, शटरची गती ठरलेली असे आणि उजेडाच्या बाबतीत वापरणाऱ्याला एकच निवड करावी लागे : ऊन की ढग. ही दोन चिन्हे म्हणजे एक्स्पोजर मोडचा प्राथमिक अवतार होय, कारण शेकडो शक्य जोड्यांतून ठरवण्याचे काम कारखान्यानेच आधी करून ठेवले होते. कृष्णधवल फिल्मची सहनशक्ती, म्हणजे एक्स्पोजरमधील चूक पचवण्याची मर्यादा, मोठी असल्यामुळे हे चालून जाई. उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७ पासून उत्पादन सुरू केले आणि ‘इंदू’ नावाचा देशी रोल व कागद बाजारात आला. आयातीवर कडक निर्बंध होते तेव्हा लहान गावच्या स्टुडिओंना या मालाचा मोठा आधार होता.

या काळातील छायाचित्रकाराची मोजपट्टी म्हणजे रोलच्या खोक्यातून निघणारा छापील कागद. स्वच्छ ऊन असेल तर अपर्चर एफ १६ ठेवावे आणि शटरची गती फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतकी घ्यावी, म्हणजे १०० एएसएच्या फिल्मला सेकंदाचा १/१२५. पातळ ढगात अपर्चर एक पायरी मोठे करावे, दाट ढगात दोन-तीन पायऱ्या. येथे पायरी म्हणजे उजेड नेमका दुप्पट किंवा निम्मा होणे. एफच्या पुढचा आकडा लहान तर छिद्र मोठे, हा उलटा हिशेब शिकाऊ पोराला पाठ व्हायला काही दिवस लागत. पण एकदा तो अंगवळणी पडला की मग यंत्राने काहीही दाखवले तरी बाहेरच्या उन्हात काय असायला हवे याचा एक पक्का आकडा मनात तयार असे. जुन्या कॅमेऱ्याचे निदान आजही याच आकड्यापासून सुरू होते, आणि निर्मळ उन्हाचे कित्येक महिने लाभणाऱ्या मराठवाड्याइतकी चांगली प्रयोगशाळा त्यासाठी शोधून सापडणार नाही.

उजेड मोजणारे यंत्र सर्वत्र वापरात आले ते सेलेनियम या मूलद्रव्यामुळे. त्यावर उजेड पडला की अल्पशी वीज निर्माण होते आणि तिच्या जोरावर काटा हलतो. त्याला बॅटरी लागत नाही. वेस्टन कंपनीचे असे हातातले मीटर १९३२ मध्ये निघाले. पुढे कॅडमियम सल्फाइडचा सेल आला, जो स्वतः वीज निर्माण करीत नाही, पण उजेडाप्रमाणे आपला विद्युतरोध बदलतो. तो अधिक संवेदनशील असला तरी त्याला बॅटरी लागते. १९६३ मध्ये टॉपकॉनने आणि १९६४ मध्ये पेंटॅक्स स्पॉटमॅटिकने हा सेल कॅमेऱ्याच्या पोटात, भिंगामागे बसवला. आता मीटर नेमका तोच उजेड मोजू लागले जो फिल्मवर पडणार होता. तरीही ठरवणे माणसाकडेच होते : काटा मध्यावर येईपर्यंत कडे फिरवायचे, पटले नाही तर मुद्दाम थोडे पुढेमागे ठेवायचे.

ठरवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर १९७० नंतरच्या दशकात यंत्राकडे गेले आणि तेव्हापासून कॅमेऱ्यांच्या चक्रीवर ए, एस, पी, एम अशी अक्षरे दिसू लागली. पेंटॅक्सच्या १९७१ च्या इलेक्ट्रो स्पॉटमॅटिकमध्ये छायाचित्रकार अपर्चर निवडी आणि शटरची गती यंत्र ठरवी. या पद्धतीला अपर्चर-प्राधान्य म्हणता येईल. कॅननच्या १९७६ च्या एई-१ मध्ये उलट, गती माणसाने निवडायची आणि अपर्चर यंत्राने ठरवायचे. मिनोल्टा एक्सडीने १९७७ मध्ये या दोन्ही पद्धती एका कॅमेऱ्यात आणल्या आणि १९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये दोन्ही आकडे यंत्रानेच ठरवण्याचा प्रोग्रॅम मोड आला. एम म्हणजे मॅन्युअल, सारे माणसाच्या हाती. एई-१ हा सूक्ष्मसंगणक असलेला पहिला एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने भिंगातूनच पाहण्याचा कॅमेरा, आणि त्या योजनेमुळे यांत्रिक भाग सुमारे ३०० नी कमी झाले. ग्राहकासाठी कॅमेरा स्वस्त झाला; पण दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर जे काम दातेरी चाके आणि स्प्रिंगा डोळ्यांदेखत करीत होत्या ते आता लवचिक पट्टीवर छापलेल्या मंडलात लपले, आणि बिघाड पाहून ओळखता येईनासा झाला. तो आता तर्काने शोधावा लागे.

आयात-निर्बंधांमुळे असे कॅमेरे भारतात सरळ दुकानातून क्वचितच मिळत. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा मुंबईच्या बाजारातून ते येत, आणि त्यांच्याबरोबर माहितीपुस्तक बहुधा नसेच. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हे कॅमेऱ्यांच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे ठिकाण होते. जिल्ह्याच्या गावातील छायाचित्रकाराला तेथवर जायचे म्हणजे रेल्वेचा रात्रीचा प्रवास, दुरुस्तीपर्यंतची वाट आणि ऐन सराईत बुडालेली कमाई; म्हणून जे घरी ओळखता येईल ते घरीच ओळखणे ही गरज होती, आणि त्या गरजेतून निदानाची एक रीत रूढ झाली.

या रीतीचे पहिले सूत्र असे की बिघाड तीन कामांपैकी कोणत्या कामात आहे ते आधी ठरवावे, पेचकस नंतर हाती घ्यावा. मागचे झाकण उघडून, रोल न घालता, कॅमेरा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरावा. मीटर जो आकडा दाखवते तो उन्हाच्या ठरलेल्या हिशेबाशी ताडून पाहावा. अर्थात पांढऱ्या भिंतीसाठी मीटर मुद्दाम कमी एक्स्पोजर सुचवते, हे लक्षात घेऊन. चूक सर्व मोडमध्ये सारखीच असेल तर दोष मोजण्यात आहे. एम मोडमध्ये फोटो बरोबर येतात आणि ए मोडमध्ये बिघडतात, असे असेल तर मोजमाप आणि शटर दोन्ही ठीक असून दोष ठरवणाऱ्या मंडलात किंवा भिंग व कॅमेरा यांच्यातील निरोपात आहे. मीटरचा आकडा बरोबर, सर्व मोडमध्ये बरोबर, तरीही फोटो बिघडतो, तर दोष अमलात, म्हणजे शटरच्या पडद्यात किंवा अपर्चरच्या पात्यांत आहे. इतका सरळ विचार यंत्राच्या अंतरंगाची फारशी माहिती नसतानाही करता येतो, आणि तो न करता केलेली उघडझाप बऱ्याचदा चांगला कॅमेरा कायमचा निकामी करते.

मोजण्यातील दोषाचे सर्वांत मोठे कारण सेल, म्हणजे बॅटरी. १९६० व ७० च्या दशकांतील पुष्कळ कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले होते, जिचा दाब अखेरपर्यंत १.३५ व्होल्टवर स्थिर राहतो. १९९० च्या दशकात पाऱ्याच्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या आणि त्यांच्या जागी त्याच आकाराच्या १.५ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटऱ्या बसवल्या जाऊ लागल्या. दाब जास्त असल्याने अनेक मीटरे प्रत्यक्षाहून अधिक उजेड दाखवू लागली आणि फोटो सातत्याने काळे येऊ लागले. शिवाय अल्कलाइनचा दाब वापरागणिक उतरत जातो, म्हणून चूकही रोज बदलते. त्यानंतर येते बॅटरीच्या खणातील हिरवट गंज. कॅमेरा पावसाळाभर कपाटात सेलसह पडून राहिला की क्षार पाझरून संपर्कपट्टीवर जमतात. खोडरबराने किंवा व्हिनेगरच्या बोळ्याने ते साफ केल्यावर मेलेले समजलेले मीटर कित्येकदा जिवंत होते. सेलेनियमचे मीटर मात्र एकदा क्षीण झाले की साफसफाईने सुधारत नाही.

मोजण्यातील आणखी एक दोष यंत्राचा नसतो, पण जालन्यासारख्या भागात तो सतत समोर येतो. मीटरला समोर काय आहे हे कळत नाही. समोरचे सारे मिळून सरासरी करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के उजेड परतवणारे आहे, असे धरून ते चालते. लग्नाच्या वऱ्हाडाचा उन्हात काढलेला गट-फोटो घेतला तर त्यात पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या यांचीच गर्दी असते. मीटर तो पांढरेपणा करडा करायला निघते आणि एक्स्पोजर कमी करते. कपडे मातकट होतात आणि टोपीखालचे सावळे, उन्हाने रापलेले चेहरे काळोखात जातात. कापडी मांडवात उभ्या असलेल्या नवरानवरीच्या मागे उघडे ऊन असले की हाच प्रकार आणखी तीव्रतेने घडतो. अशा फोटोंवरून कॅमेरा बिघडल्याची तक्रार होते आणि तपासणीत कॅमेरा निर्दोष निघतो. जाणता छायाचित्रकार अशा वेळी चेहऱ्याजवळ जाऊन उजेड मोजी, किंवा स्वतःच्या तळहातावर मोजून एक पायरी वाढवी, आणि मग मागे येऊन एम मोडवर फोटो घेई. त्याच्या या सवयीला आधुनिक कॅमेऱ्याविषयीचा अविश्वास समजणे चूक आहे. मीटरच्या गृहीतकाची त्याला इतरांहून अधिक नेमकी जाण होती, असेच म्हणावे लागते.

ठरवण्यातील दोषांत निरोपाचे दोष सर्वाधिक. एई-१ वर अपर्चर यंत्राने ठरवायचे असेल तर भिंगावरचे कडे ए या खुणेवर असावे लागते. ते हाताने हलून एखाद्या आकड्यावर गेले की मीटर आपला आकडा दाखवत राहते, पण फोटो त्या हलून बसलेल्या अपर्चरवरच निघतो. ए-१ मध्ये छिद्र आधीच मिटवणारा खटका चुकून दाबलेला राहिला तर दर्शकात इंग्रजी ई या अक्षरांची ओळ उमटते आणि कॅमेरा गेला असा मालकाचा समज होतो. निकॉनच्या एफईसारख्या कॅमेऱ्यात भिंगाचे कडे कॅमेऱ्यावरच्या कड्याला ढकलते आणि त्याखालच्या रोधपट्टीवरून अपर्चरचा निरोप मंडलाकडे जातो. या पट्टीवर धूळ बसली की काटा एकाएकी उड्या मारू लागतो. काळ्या मातीची बारीक धूळ शिवारातून गावात सतत येते तेथे हे व्हायचेच. कडे दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवल्यावर काटा स्थिरावला तर निदान पक्के झाले असे समजावे. याच गटात दोन अगदी साध्या गोष्टी येतात : फिल्मच्या संवेदनशीलतेची चक्री आणि एक्स्पोजर मुद्दाम कमीजास्त करण्याची चक्री. मागचा रोल ४०० चा होता आणि नवा १०० चा घातला, पण चक्री ४०० वरच राहिली, तर सारे फोटो दोन पायऱ्या कमी एक्स्पोजरचे येतात, आणि कोणताही मोड त्यातून वाचवू शकत नाही.

अमलातील दोष कानाने आणि डोळ्याने पकडता येतात. एक सेकंद, अर्धा सेकंद, पाव सेकंद असे शटर सोडून ऐकले तर कानाला फरक कळतो. ए मोडवर ठेवून भिंगाचे अपर्चर एफ २.८ वरून एफ १६ वर नेले आणि शटरचा आवाज लांबला नाही, तर मंडलाचा हुकूम शटरपर्यंत पोचत नाही. जलद गतींसाठी कान अपुरा पडतो, तेथे टीव्हीचा पडदा कामी येत असे. जुन्या काचेच्या टीव्हीवर भारतात सेकंदाला ५० वेळा चित्र रेषारेषांनी रंगवले जाई. मागचे झाकण उघडून त्या पडद्याकडे पाहत शटर सोडले की चित्राचा एक पट्टा तेवढा दिसतो, आणि १/५०० पेक्षा १/२५० चा पट्टा दुप्पट रुंद असावा लागतो. आडवे सरकणाऱ्या कापडी शटरमध्ये हा पट्टा तिरका दिसतो. दोन गतींचे पट्टे सारखेच दिसले तर शटरचा पडदा अडखळतो आहे. अपर्चरची पाती चिकटणे हाही नेहमीचा प्रकार. चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात भिंगाच्या खोबणीतील वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते, पाती मिटायला उशीर करतात आणि तोवर शटर उघडून गेलेले असते. अशा कॅमेऱ्यात मोठ्या छिद्राचे फोटो बरोबर आणि लहान छिद्राचे पांढरे फटक येतात. हा भेद लक्षात आला की भिंग आणि कॅमेरा यांपैकी काय उघडायचे ते ठरते. एई-१ मध्ये आरसा उचलणाऱ्या चाकांचे वंगण वाळले की शटर दाबताना दमेकऱ्याच्या श्वासासारखा घरघरता आवाज येतो. तो ऐकूनच अनुभवी कारागीर कॅमेऱ्याचे नाव आणि दुखणे दोन्ही सांगत.

लग्नाच्या फोटोत फ्लॅशमुळे या हिशेबात आणखी एक घटक शिरला. कापडी शटरमध्ये एका मर्यादित गतीपर्यंतच, साधारणपणे १/६० पर्यंत, सारी फिल्म एका क्षणी उघडी असते. त्याहून जलद गतीला फ्लॅश उडाला तर फोटोची एक बाजू काळी येते. कॅननचा स्वतःचा फ्लॅश लावला तर एई-१ ही गती आपोआप घेई, पण बाजारातील साध्या फ्लॅशला ती निरोपाची तार नसे, आणि दिवसा १/२५० वर ठेवलेली चक्री संध्याकाळी मांडवात तशीच राहिली की सप्तपदीचा अर्ध्याहून अधिक फोटो जाई. तो प्रसंग पुन्हा काढता येत नाही. रंगीत रोल धुण्यासाठी मोठ्या शहराच्या लॅबकडे पाठवला जाई तेव्हा चूक कळायलाच कित्येक दिवस लागत, आणि तोवर त्याच कॅमेऱ्यावर आणखी लग्ने झालेली असत. रंगीत निगेटिव्ह जास्तीचे एक्स्पोजर बरेच सोसते आणि लॅबचे यंत्र छापताना ते सावरूनही घेते. त्यामुळे पुष्कळ बिघाड दीर्घकाळ झाकलेले राहत आणि सावल्या दाणेदार, मळकट येऊ लागल्या की मगच संशय येई. मोडवर भिस्त वाढली तसे हे झाकलेले बिघाडही वाढले.

निकॉन एफएम२ (१९८२) आणि पुढे १९९५ चा एफएम१० हे कॅमेरे व्यावसायिकांत आणि विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाले याचे कारण येथेच आहे. त्यांत मोजण्याचे काम यंत्राचे, पण ठरवण्याचे माणसाचे आणि अमलाचे काम पूर्णतः स्प्रिंगांचे; सेल संपला तरी शटर सर्व गतींवर चालते. एई-१ सेलशिवाय एकही फोटो काढू शकत नाही. एफईमध्ये आणि पेंटॅक्स एमई सुपरमध्ये मधला मार्ग होता : सेल अकस्मात संपून आरसा वर अडकला तर चक्री अनुक्रमे एम९० किंवा १२५एक्स या यांत्रिक गतीवर नेली की तो सुटतो आणि तेवढ्या एका गतीवर काम निभावते. अशा कॅमेऱ्याच्या मालकाला ही एक खूण ठाऊक नसल्याने कित्येक निर्दोष कॅमेरे बंद म्हणून बाजूला पडले.

फिल्मचा व्यवसाय ओसरल्यानंतर हे कॅमेरे दुरुस्तीला येतात ते बहुधा घरातल्या कपाटांतून, आणि त्यांचे भवितव्य त्यांच्यात कोणते काम यंत्राकडे होते यावर ठरते. यांत्रिक शटर साफ करून, वंगण बदलून, स्प्रिंगचा ताण जुळवून पुन्हा चालते करता येते. कॅडमियम सल्फाइडचा सेल थकला असेल तर मीटर बाजूला ठेवून उन्हाच्या छापील हिशेबावर फोटो काढता येतात. एई-१ किंवा ए-१ चे छापील मंडल जळाले असेल तर मात्र ते नव्याने कोणी बनवत नाही. त्याच नमुन्याचा, शटर किंवा आरसा तुटलेला दुसरा कॅमेरा मिळवून त्याची पट्टी काढावी लागते आणि तिच्यावरचे बारीक सांधे तापत्या सोल्डरगनने एकेक करून सोडवून नव्या जागी जोडावे लागतात. त्यासाठी दुरुस्ती करणारे बंद पडलेले कॅमेरे मोडीत घालत नाहीत, नमुन्यांप्रमाणे वेगळे ठेवतात, आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावून त्यातले काय अजून चालते ते लिहून ठेवतात : मीटर ठीक, शटर गेले; मंडल ठीक, पाती चिकट.